पुलावरचा माणूस

आमच्या घरात एक माणूस गेले तीन आठवडे पुलावर उभा आहे. पाऊस कोसळतोय, खाली नदी फुगलीय, त्याचा झगा वाऱ्यावर फडफडतोय, पण गडी जागचा हलत नाही. पलीकडच्या तीरावर एक अख्खं राज्य संकटात आहे आणि ते संकट निवारायला हाच एक वीर उरलाय. पण त्याला जाता येत नाही, कारण मी फ्रेम मोजतोय.

या सगळ्याची सुरुवात मॉनिटरपासून झाली. जुना मॉनिटर गेला, नवा घेणं भाग होतं, आणि 'घ्यायचाच आहे तर' या तीन शब्दांनी घात केला. घ्यायचाच आहे तर ४के घेऊ! जुन्या १०८०पी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होते. नव्यावर ८२ लाख ९४ हजार ४००. बरोबर चौपट. एवढे ठिपके रंगवणार कोण, हा प्रश्न मॉनिटर भिंतीपाशी लागल्यावर, त्याच्या पेटीचा थर्माकोल घरभर झाल्यावर मला पडला. रंगवणारं होतं माझं जीटीएक्स १०७० हे ग्राफिक्स कार्ड, जन्मसाल २०१६.

तरी गेम चालला. सुंदरच दिसला. पावसाचा थेंब न् थेंब वेगळा. मग मला सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, रंगवली जातात तो आकडा कोपऱ्यात दाखवणारं सॉफ्टवेअर टाकायची बुद्धी झाली. आकडा होता ३८. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. माझं कार्ड २६ घेत होतं. त्या क्षणापासून मला गेम अडखळताना दिसू लागला. आदल्या मिनिटापर्यंत तोच गेम लोण्यासारखा चालला होता, हे मी शपथेवर सांगू शकतो.

नवं कार्ड घेण्याचा विषय काढण्यात अर्थ नव्हता. मॉनिटरच्या वेळीच 'आता यानंतर काही नाही' असं बायकोने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. उरला एकच मार्ग, ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे कार्डाला त्याच्या नेमलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. यात पैसे लागत नाहीत, फक्त आयुष्य लागतं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर लोक सर्रास ४५०वर चालवत. पन्नास टक्के वेग फुकटात! त्या पिढीने जी चव लावून ठेवली, तिच्यापायी आम्ही अजून स्लायडर ओढतोय.

आफ्टरबर्नर हे कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर उघडलं. रीत सोपी आहे: कोअरचा, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचा, वेग १५ मेगाहर्ट्झने वाढवायचा, गेम लावायचा, ठरलेल्या जागी उभं राहून आकडा बघायचा, काही कोसळलं नाही तर आणखी १५. माझी ठरलेली जागा तो पूल. पाऊस, पाण्यातली प्रतिबिंबं, धुकं, सगळी मेहनतीची कामं एका ठिकाणी.

पहिल्याच रात्री कळलं की कार्ड माझ्यापेक्षा हुशार आहे. कागदावर त्याचा बूस्ट, म्हणजे जोर लावल्यावरचा, वेग १६८३ मेगाहर्ट्झ, पण थंड असलं तर ते आपणहून १८५०च्या पुढे जातं. म्हणजे मी जे करायला बसलो होतो, त्यातलं बरंचसं त्याने मला न विचारता आधीच उरकून टाकलं होतं. शिवाय ते जसजसं तापतं तसतसा वेग तेरा-तेरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली आणतं. मी १५ वाढवायचे, त्याने तापून १३ कापून घ्यायचे. निव्वळ नफा दोन मेगाहर्ट्झ. पुलावरचा माणूस भिजतोय.

म्हणून पंखे शंभर टक्क्यांवर नेले. तापमान उतरलं. शेजारच्या खोलीत बायकोची ऑनलाइन मीटिंग चालू होती, समोरच्या साहेबांनी तिला आदराने विचारलं, "मॅडम, आपण विमानतळावर आहात का? नंतर बोलू या." ती दारात येऊन उभी राहिली. पडद्याकडे बघून म्हणाली, "हा अजून पुलावरच?"

"चाचणी चालू आहे."

"त्याची की माझी?"

पंखे सत्तर टक्क्यांवर आले.

दुसऱ्या दिवशी मी कॅबिनेट उघडलं आणि कार्ड बाहेर काढलं. त्याच्या पात्यांमध्ये धुळीचं असं घट्ट जाजम बसलं होतं की ते अलगद उचलून घडी घालता आली असती. ब्रशने झाडलं, चिपची उष्णता बाहेर नेणारी, पण वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसली, नवी लावली. तापमान नऊ अंशांनी उतरलं. साऱ्या खटाटोपातलं खरं फळ एवढंच. पण धूळ झाडली हे चारचौघांत सांगण्यासारखं नसतं, म्हणून मी ते 'कूलिंग मॉड' या नावाने सांगतो.

मग वळलो कार्डाच्या मेमरीकडे. मेमरीचा स्वभाव वेगळा. कोअरला झेपलं नाही की तो सरळ मान टाकतो: पडदा काळा, विंडोज दोन सेकंद वाट बघतं, कार्ड हाकणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरला पुन्हा उठवतं आणि गेम मात्र नाहीसा झालेला असतो. मेमरी तसं करत नाही. ती 'हो हो' म्हणत राहते. माझ्या कार्डावरच्या जीडीडीआर५ जातीच्या मेमरीत चूक पकडायची सोय असते; झेपेनासं झालं की चुकलेली माहिती पुन्हा पाठवली जाते. त्यामुळे स्लायडर पुढे जातो, काही कोसळत नाही, आणि फ्रेम मात्र गुपचूप कमी होतात. मी दोन रात्री वेग वाढवत होतो आणि आकडा उतरत होता. याला काय म्हणावं ते मला त्या रात्री सुचलं होतं, पण घरात लहान मूल आहे.

त्या लहान मुलाचं मत विचारात घेण्यासारखं आहे. एके संध्याकाळी मी हद्द ओलांडली आणि पुलावरच्या आकाशात हिरवे-जांभळे चौकोन चमकू लागले. मेमरी आता उघडपणे नाही म्हणत होती. चिरंजीव टाळ्या पिटत म्हणाले, "बाबा, हे आकाश मस्तंय! आधीचं बोअर होतं."

व्होल्टेज वाढवून पाहिलं, तेही सांगतो. कार्ड खातं ती वीज वेग वाढवला तर वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेज वाढवलं तर त्याच्या वर्गाच्या पटीत. हे शाळेच्या पुस्तकात वाचणं वेगळं आणि टेबलाखाली पायाला चटका बसून कळणं वेगळं.

एकवीस दिवसांनंतर घडी बसली. कोअर दोन हजारांच्या जरासा वर, मेमरी दहा टक्क्यांनी जास्त. आकडा: ४१. तीन फ्रेम! म्हणजे आठवड्याला एक. मी ते प्रोफाइल जपून साठवलं, आणि लॉटरी लागल्यासारखा घरभर फिरलो.

रविवारी भाचा आला. खुर्चीत बसला, सेटिंगमध्ये शिरला, कुठलंसं बटण दाबलं. आकडा ६०च्या आसपास गेला.

"मामा, रेंडर स्केल पंचाहत्तर केलं. आतून कमी ठिपके रंगवतं, मग ताणून पडद्यावर बसवतं. फरक कळतोय का?"

मी पडद्याला नाक लावलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. कळत नव्हता. लांबी-रुंदी पाऊण-पाऊण केली की ठिपके ५६ टक्केच उरतात, हा गुणाकार मलाही येतो. पण तीन आठवडे मी तो केला नव्हता.

"कळतोय ना," मी म्हणालो. "धुक्यात."

तो जेमतेम जिना उतरला असेल, मी स्केल पुन्हा शंभरवर नेलं. ते ६० माझे नव्हते. ४१ माझे होते.

आणि मग, आता गेम खेळायचाच असं ठरवून, मी त्या माणसाला पहिल्यांदा चालवलं. एक पाऊल, दुसरं, पूल संपला. पलीकडे जंगल होतं, घनदाट, प्रत्येक पान वेगळं हलणारं. कोपऱ्यात आकडा ३१.

मी इकडेतिकडे पाहिलं. घरात सगळे झोपले होते. त्याला मागे वळवला, पुलाच्या मधोमध आणून उभा केला, आणि आफ्टरबर्नर उघडलं.