तुपाचे चार दिवस

आमच्या घरात माणसं चार आणि मोबाइल एक. दिवसा तो माझा, कापसाच्या भावासाठी. रात्री पोट्ट्याचा, 'अभ्यासासाठी'.

बुधवारी माझ्या भाकरीवर तूप आलं. राजेहो, आमच्याकडे तूप जावयाच्या नाहीतर पोळ्याला बैलाच्या वाट्याला जातं. मी गुमान खाल्लं. गुरुवारीही तूप. शुक्रवारी बाजारातून भाजीऐवजी टॉर्च घेऊन आलो, तर बायको म्हणाली, "घ्या, हौस करून घ्या." तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला.

शनिवारी रात्री तिनं डोळ्याला पदर लावला. "मले काऊन नाही सांगितलं?" आणि मोबाइल पुढे केला. त्यात काय काय शोधलं, त्याची यादी होती. 'पुरुषाच्या छातीत गाठ'. 'गाठ म्हणजे कॅन्सर का'. 'माणूस किती दिवस जगतो'. या मोबाइलला मधली गावं ठाऊकच नाहीत; यवतमाळ विचारा, थेट काशीला नेऊन सोडतो.

नाही म्हणायचं सोडून मी आधी छाती चाचपली. सापडली की गाठ! बंडीच्या खिशातली चुन्याची डबी निघाली.

तेवढ्यात खालची ओळ दिसली: 'मिशी लवकर येण्याचे उपाय'. माझ्या मिशीला कसल्याच उपायाची गरज नाही. आम्ही दोघांनी खाटेकडे पाहिलं. ऐन उकाड्यात चौदा वर्षांचे चिरंजीव डोक्यावरून चादर घेऊन पडले होते.

त्याच्यावर ओरडणार होतो, पण ओरडवेना. त्याच्या वयात माझ्याही छातीत अशीच गाठ आली होती. मी गोठ्यात मित्राला विचारलं, त्यानं बिब्बा लावायला सांगितला. लावला. आठ दिवस अंगात सदरा घालता आला नाही. त्या मानानं मोबाइल बरा म्हणायचा, निदान कातडं तरी सोलत नाही.

सोमवारी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथं 'मैत्री' नावाची पाटी आहे. इतकी वर्षं मी ती बचत गटाची समजत होतो! निघालं ते दहा ते एकोणीस वर्षांच्या पोरापोरींचं क्लिनिक. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं, पोराला तपासलं, मग आत बोलावून सांगितलं, "वयात येताना बऱ्याच मुलांना स्तनाग्राखाली अशी बोराएवढी गाठ येते, दुखतेही. शरीरातल्या संप्रेरकांचा खेळ आहे. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. वाढली, टणक लागली किंवा स्राव आला, तर लगेच या."

पोराचा जीव भांड्यात पडला. दारातून मागे वळून त्यानं विचारलं, "मंग मिशीचं?"

संध्याकाळी तूप त्याच्या ताटात होतं. माझ्या ताटात कोरडी भाकर, ठेचा आणि टॉर्चचा हिशेब.