काचेवरची वाफ आपलीच असते, काका

पावसाळा लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांचा एक मेसेज हमखास उगवतो. ‘बाहेरची दमट हवा आत शिरते म्हणून गाडीच्या काचेवर धुकं धरतं. हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू ठेवा. एसी बंद करून हीटर लावा. काचेला बटाट्याची फोड चोळा. तरीही धुकं आलं तर एसीचा गॅस लीक आहे.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी. हाच मेसेज मला ऑफिसच्या ग्रुपवरही दोनदा आला आहे.

पाऊस बाहेर पडतोय म्हणजे ओलही बाहेरचीच, असं वाटणं साहजिक आहे. पण जरा हिशेब मांडू. नुसता बसलेला माणूस श्वासातून आणि अंगावरून तासाला ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघे जण म्हणजे तासाभरात जवळजवळ पेलाभर. निथळणाऱ्या छत्र्या आणि ओले बूट वेगळेच. गाडीत हवा असते साधारण ३ घनमीटर. २० अंशांना एका घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे अख्ख्या गाडीत ५० च्या आसपास. उरलेलं कुठे जाणार? सगळ्यात गार जागी, पावसाने भिजलेल्या समोरच्या काचेवर. ते बटण दाबून आपण हीच हवा कोंडून ठेवतो. एसी चालू असेल तर एकवेळ चालतं, पण एसी बंद आणि हे बटण चालू म्हणजे आपल्या हाताने पडदा ओढणं.

आता एसी. आपल्या लेखी तो थंडी करणारा, पण तो हवा पिळूनही काढतो. आतली कॉइल गार पडते, हवेतलं पाणी तिच्यावर जमतं आणि नळीतून रस्त्यावर गळतं. उभ्या गाडीखाली दिसणारं पाणी ते हेच. हीटर पाणी काढत नाही, हवा आणि काच तापवतो. गुण येतो, खोटं कशाला बोला. युरोपातल्या हिवाळ्यात तर छान येतो, कारण शून्य अंशाच्या हवेत घनमीटरला ५ ग्रॅमही बाष्प नसतं. ती आत घेऊन तापवली की कोरडी ठणठणीत. जुलैतल्या ताम्हिणीत बाहेरची हवा आधीच चिंब, त्यात हीटरने चौघांना घाम फोडायचा म्हणजे पाण्यात भर. त्यापेक्षा एसी चालू, तापमान थोडं लाल बाजूला, हवा बाहेरची आणि झोत समोरच्या काचेवर. मिनिटाभरात खालच्या कडेपासून काच उघडत जाते.

गेल्या वर्षी त्याच घाटात काका शेजारी होते. ‘अरे, एसी बंद कर, गारठ्यानेच वाफ धरते,’ म्हणाले आणि स्वतःच बटण दाबून मोकळे झाले. पंखा चालूच होता. कॉइलवर साचलेल्या पाण्याची त्या वाऱ्याने पुन्हा वाफ झाली आणि थेट काचेवर आली. बघता बघता पुढचा ट्रक गायब, उरले दोन लाल ठिपके.

गारठ्याचा मुद्दा एका ठिकाणी मात्र काकांच्या बाजूने जातो. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात काच २४-२५ अंशांच्या खाली गेली की बाहेरच्या हवेतलं पाणी तिच्यावर दव होऊन बसतं. एसीचा गार झोत काचेवर सोडला की ती बाहेरून धुरकटते; रात्रभर एसी लावलेल्या बेडरूमच्या खिडकीचं सकाळी होतं तसंच. आतून कितीही पुसा, ढिम्म. म्हणून आधी वायपर एकदा फिरवायचा. धुकं गेलं तर ते बाहेरचं: झोत काचेवरून काढा, तापमान वाढवा.

बटाट्याने पाणी जमायचं थांबत नाही, थेंबांऐवजी पातळ थर होतो इतकंच. शिवाय रात्री समोरून दिवे आले की चोळल्याचे फराटे उजळून दिसतात. बटाटा भाजीत बरा.

राहिला गॅस. एसीचा गॅस संपला तर हवा सुकत नाही, म्हणून धुकं हटत नाही, एवढाच त्याचा संबंध. भरगच्च गाडीत गॅस फुल असूनही वाफ धरतेच. काळजी करायची ती दुसऱ्या गळतीची: हीटरच्या नळ्यांतला कूलंट गळू लागला तर गाडीत गोडसर वास येतो आणि काचेवर तेलकट थर बसतो, फडकं मारलं की आणखी पसरणारा. बोटाला तो चिकट लागला तर गाडी मेकॅनिककडे न्या.