मामाचं गुरुवारचं ऑपरेशन आणि सोन्याचे कण
सोमवारी रात्री साडेदहाला मामीचा फोन. "अगं, मामाच्या मेंदूतल्या गाठीचं गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकलूया का? तो मेसेज वाचलास ना?"

वाचला होता. त्यात लिहिलेलं: अमेरिकेत सोन्याचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, टोचून ब्रेन ट्यूमर ४८ तासांत विरघळतो. कण थेट गाठीत जातात. चिरफाड नको, बिनकामाची किमो नको. आपल्या सुवर्णभस्मात तेच कण असतात. औषध कंपन्या हे दाबून ठेवतात. खाली हात जोडलेले चार इमोजी.

त्या ४८ तासांचंच आधी बघू, कारण खरी लबाडी तिथे आहे. आकडा हवेतला नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या प्रिया कुमठेकर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०२१ मध्ये 'सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन'मध्ये आला. रुग्ण आठ, सगळ्यांचा ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा एक आक्रमक कॅन्सर, उपचारानंतर उलटलेला. शिरेतून सोन्याचे कण द्यायचे आणि ८ ते ४८ तासांत ऑपरेशन करून गाठ काढायची, अशी आखणी होती. कण गाठीत पोचले हे कळलं कशावरून? कापून काढलेल्या गाठीत सोनं सापडलं म्हणून! ज्या प्रयोगाच्या जिवावर 'ऑपरेशन टाळा' म्हणताय, तो ऑपरेशनशिवाय झालाच नसता. डोसही नाममात्र, झेपतं का आणि पोचतं का, एवढंच बघायचं होतं. गाठ विरघळवायचा विषयच नव्हता.

मामी डळमळली त्याला कारण आहे. सूज उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्यापासून मामा बोलायला लागलाय. गेल्या आठवड्यात 'चष्मा' शब्द सापडेना म्हणून नुसतं नाकाला हात लावून दाखवत होता. परवा त्याने स्वतःहून चष्मा मागितला. पण उतरली ती सूज. गाठ आहे तिथेच आहे.

आता सुवर्णभस्म. त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, हे मान्य करते. पण त्या प्रयोगात सोनं म्हणजे नुसता टेम्पो होता. माल होता आरएनए नावाच्या रेणूचा, गाठीच्या पेशींना मरू न देणारं एक जनुक गप्प करणारा. मधातून चाटलेल्या भस्मात हा माल कुठून येणार?

'थेट गाठीत जातात' म्हणे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, सहजी कोणाला आत सोडत नाहीत. आणि मेंदूबाहेरच्या गाठींचीही गत बघा: दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. बरेचसे यकृत आणि प्लीहेत अडकतात.

किमो बिनकामाची? ग्लायोब्लास्टोमाच्या २००५ च्या मोठ्या चाचणीत नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी १०.४ टक्के रुग्ण हयात होते, टेमोझोलोमाइड या किमोच्या औषधाची जोड दिल्यावर २६.५ टक्के. आकडे काही पेढे वाटण्यासारखे नाहीत. फोनवर मामीला सांगायचा मला धीर झाला नाही.

दाबून ठेवल्याचं तर सोडाच. मॅगफोर्स या जर्मन कंपनीने गाठीत लोहकण टोचून ते चुंबकीय क्षेत्रात तापवायचा उपचार २०१० मध्ये युरोपात रीतसर मान्यता घेऊन आणला होता.

ते आकडे सोडून बाकी सगळं ऐकून मामी जरा थांबली. मग हळूच म्हणाली, "मग ते भस्म बंद करू का? पाच दिवस झाले, सकाळी मधातून देतेय."

मी म्हटलं, आत्ता बंद कर. आणि उद्या हॉस्पिटलात जाशील तेव्हा ती पुडी भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखव.