बॅटरीवर गाणे अधिक शुद्ध वाजते, या दाव्याविषयी

घरातील ध्वनियंत्रणा प्लगवरच्या विजेऐवजी बॅटरीवर चालवली की गाणे अधिक शुद्ध ऐकू येते, असे सांगणारा संदेश हौशी श्रोत्यांमध्ये मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्या संदेशानुसार घरात येणारी वीज ‘अशुद्ध’ असते आणि ती अशुद्धता थेट स्पीकरमधून बाहेर पडते. बॅटरी मात्र निर्मळ असते आणि लागेल तेवढी ताकद क्षणात देते. घरात इन्व्हर्टर असेल तर वेगळा खर्चही नको. शिवाय जुने जाणकार बॅटरीवरच ऐकत, असे त्यात म्हटलेले असते. या दाव्यांपायी लोक बराच पैसा घालवतात, म्हणून ते एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

मिक्सर, एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांमुळे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात खरखर मिसळते, हे खरे आहे. परंतु स्पीकर त्या पुरवठ्याला जोडलेला नसतो. अ‍ॅम्प्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, रेक्टिफायर एसीचे (दिशा बदलत राहणाऱ्या विजेचे) डीसी (एकाच दिशेची वीज) करतो, मोठे कपॅसिटर त्यातील चढउतार भरून काढतात आणि प्रीअ‍ॅम्पसारख्या नाजूक, म्हणजे क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या, भागाला रेग्युलेटरमधून स्थिर व्होल्टेज मिळते. एवढे होऊन १०० हर्ट्झचा जो थोडा तरंग उरतो, तो चांगला ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप) आणखी हजारो पटींनी क्षीण करतो.

तरीही अनेक घरांत हमिंग, म्हणजे सतत घुमणारा खालचा आवाज, ऐकू येते, आणि ती तक्रार खोटी नाही. विलंबित ख्यालाच्या आरंभी केवळ तानपुरा वाजत असताना तर हा आवाज असह्य होतो, कारण हमिंग ५० किंवा १०० हर्ट्झचे असते; १०० हर्ट्झ म्हणजे हार्मोनियमवरील पांढरी पाचच्या ९८ हर्ट्झपेक्षा किंचित चढलेला स्वर. तो गायकाच्या षड्जाशी जुळण्याची शक्यता फार कमी. मात्र हमिंगचे कारण बहुतेक वेळा विजेची ‘शुद्धता’ नसून अर्थिंगचे वर्तुळ असते. अ‍ॅम्प्लिफायरला प्लगमधून एक अर्थ (जमिनीशी जोडणी) मिळतो आणि त्याला जोडलेल्या टीव्हीच्या केबलमधून दुसरा. या दोहोंमधून फिरणारा ५० हर्ट्झचा प्रवाह सिग्नलमध्ये शिरतो. बॅटरी लावली की हे वर्तुळ तुटते, आवाज थांबतो आणि श्रेय बॅटरीच्या निर्मळतेला मिळते. टीव्हीच्या केबलची पिन काढून पाहावी. हमिंग थांबले तर दोष सापडला. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेणे किंवा केबलच्या वाटेवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची जोडणी तोडणारा भाग) बसवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. प्लगची अर्थची पिन मात्र कधीही काढू नये, कारण ती जिवाच्या रक्षणासाठी असते.

इन्व्हर्टरविषयीचा दावा तर सरळसरळ चुकीचा आहे. घरगुती इन्व्हर्टर वीज असताना तीच वीज रिलेमधून पुढे सोडतो आणि बॅटरी फक्त चार्ज करत राहतो. म्हणजे श्रोता बॅटरीवर ऐकतच नसतो. वीज गेल्यावर तो बॅटरीच्या डीसीचे पुन्हा एसी बनवतो, आणि ते स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी आकाराची लहर, असेल तर त्यात १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या उपलहरी ठासून भरलेल्या असतात. याहून मोठे नुकसान शक्तीचे होते. नेहमीच्या २३० व्होल्टच्या साइन वेव्हचे, म्हणजे गोलाईदार लहरीचे, शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते आणि अ‍ॅम्प्लिफायरचे कपॅसिटर शिखरानुसार भरतात. तेवढ्याच व्होल्टेजच्या स्क्वेअर वेव्हचे शिखर २३०च असल्याने आतील डीसी व्होल्टेज सुमारे ७० टक्क्यांवर येते आणि मिळू शकणारी कमाल शक्ती निम्मी होते.

मग अ‍ॅम्प्लिफायर थेट बॅटरीवर चालवला तर? करंट भरपूर मिळेल, पण अडचण व्होल्टेजची आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर, ब्रिज जोडणी (स्पीकरची दोन्ही टोके एकमेकांच्या उलट चालवणारी) करूनही, ८ ओमच्या स्पीकरला आदर्श परिस्थितीत ९ वॅटपेक्षा जास्त शुद्ध शक्ती देता येत नाही. ५० वॅटसाठी सुमारे २८ व्होल्टचे शिखर लागते, म्हणजे दुहेरी (धन आणि ऋण) पुरवठ्याच्या नेहमीच्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन्ही बाजूंना तीन-तीन, एकूण सहा बॅटऱ्या हव्यात. ते टाळण्यासाठी व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर बसवला, तर ज्या स्विचिंगच्या खरखरीला भिऊन हा खटाटोप केला, तीच पुन्हा घरात येते.

जुन्या काळाचा दाखला फार टिकत नाही. १९२० च्या दशकातील व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओंना त्या नळ्यांतील फिलामेंट आणि प्लेट यांसाठी वेगवेगळ्या बॅटऱ्या लागत, त्या गरजेपोटी. विजेवर चालणारे रेडिओ आल्यावर, जिथे वीज होती तिथे लोकांनी त्या आनंदाने सोडल्या.

बॅटरीचा खरा उपयोग एका ठिकाणी होतो, आणि तो मान्य केलाच पाहिजे. रेकॉर्ड प्लेयरच्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमधून (सुईच्या कंपनांची वीज करणाऱ्या भागातून) जेमतेम अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल येतो. तो वाढवणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्पला वीज अगदी थोडी लागते, आणि ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र जवळ नसण्याचा त्याला प्रत्यक्ष फायदा होतो. तिथे ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्याही पुरू शकतात. त्या चार्ज होणाऱ्या असतील तर ऐकताना चार्जर मात्र काढून ठेवावा.