मख्खन सिंग यांची ओळख आपल्याला का नाही?

परदेशी निघालेल्या मुलाला आपल्या घरांतून एक सल्ला हमखास मिळतो : तिकडच्या भानगडीत पडू नकोस, आपण बरं आणि आपलं काम बरं. मला हा सल्ला कधीच पटला नाही. ज्या गावात आपण घाम गाळतो तिथल्या न्याय-अन्यायाशी आपला संबंध नाही, हे म्हणायचं तरी कसं? म्हणून आज केनियातले कामगार पुढारी मख्खन सिंग यांच्याबद्दल लिहितोय. पोस्ट लांबली आहे, पण वाचा.

जन्म १९१३ चा, पंजाबातल्या गुजरांवाला जिल्ह्यातल्या घरजाख गावचा. वडील सुध सिंग सुतार. ते १९२० मध्ये केनियात रेल्वेच्या कामावर गेले आणि १९२७ मध्ये १३ वर्षांचा मख्खन आईबरोबर नैरोबीला पोचला. मुलगा अभ्यासात हुशार, पंजाबीत कविता करणारा. मॅट्रिक झाला आणि वडिलांनी काढलेल्या छापखान्यात कामाला लागला. पुढे युनियनची पत्रकं काढताना हा छापखान्याचा अनुभव किती उपयोगी पडला असेल!

त्या वेळच्या नैरोबीत वर गोरे, मधे भारतीय, खाली आफ्रिकी. पगार, वस्ती, शाळा, सगळं रंगाप्रमाणे. अशा उतरंडीत मधल्या पायरीवरचा माणूस वरच्याला बिचकून असतो आणि खालच्याकडे संशयाने बघतो. हा शिकला तर माझी मजुरी पाडेल, ही भीती. मालकाला याहून जास्त काय हवं असतं?

१९३५ मध्ये मख्खन सिंग भारतीय कामगारांच्या युनियनचे सचिव झाले. वय २१. थोड्याच दिवसांत त्यांनी युनियनच्या नावातला 'इंडियन' काढायला लावला, ती 'लेबर ट्रेड युनियन ऑफ केनिया' झाली आणि कोणत्याही वंशाच्या कामगाराला तिचं दार उघडलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी निर्णय हाच, पुढच्या तुरुंगवासापेक्षाही. आफ्रिकी सभासद सुरुवातीला फार आले नाहीत. येणार तरी कसे? इतकी वर्षं ज्यांनी लांब ठेवलं त्यांच्यावर एका ठरावाने विश्वास बसत नाही. पण पत्रकं पंजाबी, उर्दू, गुजरातीबरोबर स्वाहिलीतही निघू लागली. १९३७ मध्ये ६२ दिवसांचा संप झाला. समोरच्या मालकांत भारतीय कंत्राटदारही होते, तरी कामगार हटले नाहीत. पगारवाढ आणि आठ तासांचा दिवस पदरात पडला. 'आपला माणूस' मालक असला तरी तो मालकच, हे नैरोबीच्या सुतार-गवंड्यांना तेव्हा कळलं होतं.

१९३९ च्या अखेरीस ते भारतात आले, मुंबईच्या कामगारांची परिस्थितीही त्यांनी पाहिली. मे १९४० मध्ये ब्रिटिशांनी त्यांना पकडलं ते जवळजवळ पाच वर्षं अडकवून ठेवलं. ऑगस्ट १९४७ मध्ये ते केनियात परतले, तेव्हा फाळणी होऊन आठवडा उलटला होता आणि त्यांचं गाव पाकिस्तानात गेलं होतं. वसाहतीचं सरकार मात्र त्यांना हद्दपार करायच्या खटपटीला लागलं. पाठवणार कुठे होते? आणि त्यांना उपरा ठरवणारे गोरे मळेवाले त्या मातीत कधी जन्मले होते?

१ मे १९४९ ला त्यांनी आफ्रिकी कामगार नेते फ्रेड कुबाई यांच्याबरोबर ईस्ट आफ्रिकन ट्रेड युनियन काँग्रेस उभी केली. कुबाई अध्यक्ष, मख्खन सिंग सरचिटणीस. २३ एप्रिल १९५० ला नैरोबीच्या कालोलेनी हॉलमध्ये आफ्रिकी आणि भारतीय संघटनांची संयुक्त सभा भरली होती. तिथे मख्खन सिंग यांनी पूर्व आफ्रिकेला संपूर्ण स्वातंत्र्य मिळालं पाहिजे, अशी मागणी मांडली. १५ मे रोजी त्यांना आणि कुबाईंना अटक झाली. दुसऱ्या दिवसापासून नैरोबी बंद! अश्रुधूर झाला, तरी संप दिवसेंदिवस चालला. मागण्यांत १०० शिलिंग किमान वेतन होतं आणि नेत्यांची सुटकाही. आफ्रिकी मजूर एका शीख माणसासाठी रोजगार बुडवून रस्त्यावर उतरले होते. १९३५ मध्ये अविश्वासाने लांब राहिलेले कामगार पंधरा वर्षांत इथवर आले, हे वाचताना मला भरून येतं.

सरकारने मख्खन सिंग यांना उत्तरेच्या वाळवंटी लोकिटाँगमध्ये आणि पुढे मारालालला डांबलं. सुटले ते ऑक्टोबर १९६१ मध्ये. साडेअकरा वर्षं! स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा, म्हणजे केनियाचे पुढचे राष्ट्राध्यक्ष, यांची कैदसुद्धा याहून कमी भरली.

१९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. मख्खन सिंग यांना ना सरकारात जागा मिळाली, ना कामगार चळवळीत. कम्युनिस्ट म्हणून नव्या सत्तेला ते नकोसे होते, आणि कातडीचा रंगही आड आला असणार, असं मला वाटतं. त्यांनी तक्रारीचा सूर लावण्यापेक्षा केनियाच्या कामगार चळवळीचा इतिहास लिहिला. १९७३ च्या मे महिन्यात, साठी गाठण्याआधीच, ते गेले. भारतीय दुकानदारांना ते आपले वाटले नाहीत आणि राज्यकर्त्यांनाही नाहीत. ज्यांना वाटले ते मजूर होते, आणि मजुरांच्या हातात पुतळे उभारायचे पैसे नसतात.

चाकणला, तळोज्याला, बुटीबोरीला कंत्राटी कामगारांत बिहार-ओडिशाची पोरं असतात. 'हे आले आणि आमचे पगार पडले' असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी मख्खन सिंग यांचं उदाहरण देतो. त्या पोरांना सभासद करून घ्या, त्यांच्या भाषेत पत्रक काढा. ते युनियनबाहेर राहिले तर उद्याचा संप त्यांच्याच हातांनी मोडला जाईल.

मख्खन सिंग आत गेल्यावर युनियनचं काम पुढे नेण्यासाठी धडपडणाऱ्यांत एक गोंयकार होता, पिओ गामा पिंटो. नैरोबीत जन्मलेला, मुंबईत असताना गोवामुक्तीसाठी झटलेला. फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीत त्याला गोळ्या घालून मारलं. त्याच्याबद्दल स्वतंत्र लिहायचंय. गोव्याच्या मित्रमैत्रिणींनो, मराठीत किंवा कोंकणीत त्याच्यावर काही छापलेलं तुमच्याकडे असेल तर मला जरूर कळवा.