नाचणाऱ्या लेकरांना दिवाळीत काय द्यायचं?

दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय आणि फोन सुरू झालेत. नणंद, जाऊ, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांचं एकच, "पोरीला यंदा काय घेऊ गं, ती डान्स करते न्हवं, त्यातलंच काहीतरी बघतो की." कुणी असं विचारलं की मला खरंच फार बरं वाटतं. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, कारण आपल्या बेळगावात आता टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, कुठंही बघा, क्लास आहेतच, कुणाचं भरतनाट्यम, कुणाचं कथक, कुणाचं वेस्टर्न, आणि प्रत्येक क्लासमागं दहा-वीस घरं आहेत जिथं मावश्या-आत्यांना हाच प्रश्न पडलेला असणार.

माझी लेक १४ वर्षांची आहे, सात वर्षं झाली भरतनाट्यम शिकतेय, ज्युनिअरची परीक्षा झाली, आता सीनिअरची तयारी चाललीय. आमच्या शोकेसमध्ये चार नटराज आहेत. एक पितळी, दोन रेझिनचे, एक फ्रेममधला. शिवाय नाचणाऱ्या बाईचं घड्याळ, किचेन, मग. देणाऱ्यांची माया मला माहितीये आणि एकही वस्तू मी टाकलेली नाही, पण ह्यातलं काहीच ती क्लासच्या पिशवीत घालून नेत नाही, हे पण खरंय. माझं म्हणणं एवढंच की नाचताना जे झिजतंय, तुटतंय, संपतंय, ते द्या.

गेल्या वर्षी नवरात्रात एका मंडळाच्या स्टेजवर तिचा तिल्लाना, म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी करतात तो जलद नाच, होता. मी विंगेत उभी, हातात पाण्याची बाटली. शेवटच्या उड्या सुरू झाल्या आणि डाव्या पायाचा घुंगरांचा पट्टा मधोमध उसवला. चामडं वाळून कडक झालं होतं, शिलाई धरेना. घुंगरू प्लायवूडवर टणटणत सगळीकडं पसरले, एक तर माझ्या पायाशी आला. नाचताना अनवाणी पाय त्यावर पडला असता तर काय झालं असतं, अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. पोरगी थांबली नाही, उजव्या पायाच्या आवाजावर तिनं पुरं केलं आणि आत आल्यावर मात्र माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. बारक्या पोरांनी स्टेजवरनं घुंगरू वेचून स्टीलच्या वाटीत आणून दिले. मोजले तर सात कमी.

माझा भाऊ अथणीला असतो. कोजागिरीला आलेला, त्यानं ती वाटी बघितली, काय झालं विचारलं, आणि जाताना दोन्ही पट्टे आणि वाटी पिशवीत घालून घेऊन गेला. दोन दिवसांनी फोन, "तिच्या घोट्याच्या वर दोऱ्यानं माप घे, बसवून नको, उभी करून घे." अथणी म्हणजे कोल्हापुरी चपलांचं गाव, तिथं चामड्यात हयात घालवलेली माणसं आहेत. (कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय टॅग, म्हणजे वस्तू मूळची कुठली ते सांगणारा सरकारी शिक्का, मिळाला त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, त्यात आपलं बेळगाव पण आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं.) दादानं त्याच्या ओळखीच्या कारागिराला पट्टे दाखवले. त्या माणसानं आधी कधी घुंगरू शिवले नव्हते, म्हणून त्यानं जुना पट्टा पुरता उसवला, भोकं कुठं होती ते बघितलं, आणि नवीन चामड्यावर तशीच चार ओळींत मांडणी केली. कमी पडलेले सात घुंगरू दादानं मिरजेहून आणले, तंतुवाद्यांच्या दुकानांतनं फिरून, जुना एक नमुन्याला खिशात ठेवून.

भाऊबीजेला त्यानं ताटात तो पट्ट्यांचा जोड ठेवला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी हातात घेऊन बघितला. आतल्या बाजूला मऊ चामडं, बाहेरनं जाड, कडा घासून गुळगुळीत केलेल्या म्हणजे घोट्याला काचू नये, मेण लावलेला जाड दोरा आणि प्रत्येक घुंगरू दोनदा टाचलेला. तेलकट चामड्याचा वास सगळ्या सोप्यात पसरला. पोरीनं तिथंच बांधले, उभी राहिली, अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धी, बसली आणि तट्टडवू, म्हणजे पाय आपटायचे पहिले धडे, सुरू. पहिल्यांदा हळू, मग दुप्पट, मग चौपट. नवीन सात घुंगरांचा आवाज जुन्यांपेक्षा जरा बारीक आहे, मला आता स्वयंपाकघरातनं पण कळतो. सगळ्याचा खर्च ६०० रुपये. दादाला नाचातलं काही कळत नाही, पण काय तुटलंय ते त्यानं बघितलं.

आता ह्यावरनं कुणी म्हणेल की मग घुंगरूच देऊया, तर थांबा. नवीन घुंगरू आपल्या मनानं कधीच आणू नका. बऱ्याच मॅडम गेज्जे पूजा झाल्याशिवाय पायात घालू देत नाहीत (कानडीत गेज्जे, आपल्याकडं लावणीवाल्या बायका चाळ म्हणतात), आणि ती पूजा अडवू, म्हणजे नाचाची मूळ पावलं, पक्के झाल्यावर गुरू ठरवतात तेव्हाच होते. शिवाय प्रकार वेगळे असतात. भरतनाट्यमला पट्ट्यावर शिवलेले लागतात, कथकला सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले, आणि कथकमध्ये लहान पोरांना २५-५० पासून सुरुवात करून पुढं एका पायात १०० नाहीतर त्याहून जास्त असं वाढवत नेतात. सहा वर्षांच्या पोरीला हौसेनं शंभराचे आणून बांधले तर पाऊल उचलायलाच जड जातंय. म्हणून घुंगरांच्या बाबतीत आधी मॅडमना फोन. जुन्याची दुरुस्ती मात्र कधीही करून द्या. आणि ठेवायला जाड कापडाची पिशवी शिवून द्या, कारण आपल्याकडचा पावसाळा कसा असतो माहितीये, डब्यात बंद ठेवलेल्या चामड्याला जुलैमध्ये बुरशी धरते, आमच्या जुन्या पट्ट्याचं तेच झालं होतं.

दुसरं म्हणजे साडी. प्रॅक्टिसची साडी नेहमीच्या साडीपेक्षा उंचीला कमी असते, पायजम्यावर गुडघ्यापर्यंत बसते, आणि ती सुतीच पाहिजे. चकचकीत सिंथेटिक साडी फोटोत छान दिसते पण घाम आला की अंगाला चिकटते आणि कमरेवरनं घसरते, मग पोरीचं अर्धं लक्ष अडवूवर आणि अर्धं निऱ्यांवर. आठवड्यात तीन क्लास असले तर निदान तीन साड्या लागतात, पावसाळ्यात तर त्या पण वाळत नाहीत. माझ्या सासूबाईंनी त्यांची जुनी सुती इरकल दिली. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की हातात ठरत नव्हती. टेलरकडनं खालनं कापून काठ परत लावून घेतला. पोरीकडं चार प्रॅक्टिस साड्या आहेत पण परीक्षेच्या दिवशी सकाळचा सराव ती इरकलीतच करते, आजीची म्हणून.

पिना! एका कार्यक्रमाच्या दिवशी मी मोजल्या, ड्रेस आणि डोकं मिळून ४३ सेफ्टी पिना आणि काटे लागले, आणि परत येताना निम्म्या सुद्धा घरी आल्या नाहीत. अंबाड्याची जाळी, यू पिना, गंगावन बांधायची काळी दोरी, आलता, काजळ, मेकअप काढायला खोबरेल आणि कापूस, हे सगळं सारखं संपत असतं आणि आयांना दर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री गणपत गल्लीत पळावं लागतं. क्लासमधल्या एका पोरीला तिच्या काकांनी हार्डवेअरच्या दुकानातला प्लास्टिकचा टूलबॉक्स घेऊन दिला, स्क्रू-नट ठेवायला बारके कप्पे असतात ना तो. त्यात पिना एका कप्प्यात, टिकल्या एका, सुईदोरा एका, खाली आलत्याची बाटली उभी. ग्रीनरूममध्ये सगळ्या जणी तिच्याकडंच येतात. इतकं डोकं लावून दिलेली वस्तू मी क्वचितच बघितलीय.

पायांचं कुणी बघतच नाही. रोज फरशीवर पाय आपटून आपटून टाचा फुटतात, तळव्याला घट्टे पडतात, नडगी दुखते. आपल्या घरांत, हॉलमध्ये सगळीकडं टाइल्स नाहीतर शहाबादी, खाली अजिबात लवचिकपणा नाही, सगळा दणका गुडघ्यात. मॅट द्यायची असली तर जाड आणि न सरकणारी द्या, सतरंजी घालून तिच्यावर नाचायला लावू नका, घसरून पडतात. टाचांना आमच्याकडं भिरंडेल लावतो, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, घट्ट वडीसारखं असतं, जरा गरम करून रात्री चोळायचं आणि वर मोजे. ते, एक टब, जाडं मीठ, क्रेप बँडेज आणि दोन पंचे असा संच कुणी दिला तर मी त्या माणसाला घरी बोलवून जेवायला घालीन. आणि गुडघा-नडगी महिनाभर दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टच्या दोन-तीन व्हिजिटची फी पाकिटात घालून द्या, ते पण गिफ्टच आहे. मनानं नी-कॅप मात्र आणू नका.

मुलगे नाचतात हे तर आपण धरतच नाही. आमच्या क्लासला तीन आहेत. त्यातल्या एकाला दरवर्षी मामाकडनं क्रिकेटची बॅट मिळते. तो क्रिकेट खेळत नाही. त्याला दोन सुती धोतरं आणि कमरेला बांधायचा शेला पाहिजे, आईला सांगून झालंय, मामाला सांगायचं धाडस होत नाही. अशा मामांपैकी कुणी हे वाचत असेल तर कृपा करून एकदा त्या पोराला विचारा हो. ११ वर्षांचं पोर आहे, किती आनंद होईल त्याला.

वेस्टर्नवाल्यांचं मला कमी कळतं, शेजारची पोरगी सांगते की तळ फार न चिकटणारे बूट हवेत, गिरकी घेताना पाय अडकला की गुडघा पिळवटतो, तर माप आणि प्रकार ज्या पोरीला द्यायचे तिलाच विचारून घ्या. मोठ्या पोरांना एक बरा ब्लूटूथ स्पीकर चालतो, आईच्या मोबाईलवर मृदंगच ऐकू येत नाही. आणि कुणाचा रंगप्रवेश, म्हणजे स्टेजवरचा पहिला एकटीचा पूर्ण कार्यक्रम, ठरला असेल तर नातेवाईकांनी वेगवेगळे पाच ड्रेस पीस देण्यापेक्षा मिळून मृदंग किंवा व्हायोलिनवाल्यांचं मानधन उचला. त्या खर्चापायी रंगप्रवेश दोन-दोन वर्षं पुढं ढकलणारी घरं मी बघितलीत.

आणि नटराजच द्यायचा असला तर पोरीला बदामीला घेऊन जा की. गाडीनं तीन-साडेतीन तास. पहिल्या गुहेच्या बाहेर डोंगरातच कोरलेला अठरा हातांचा नटराज आहे, सहाव्या शतकातला, चालुक्यांच्या काळातला. आम्ही मागच्या जानेवारीत गेलो होतो. पोरगी त्याच्यासमोर अर्धा तास उभी होती, एकेक हात बघून स्वतःचा हात तसा करत, आणि मध्येच म्हणाली, "आई, ह्याचा गुडघा बघ किती वाकलाय, मॅडम मला हेच सांगतात."

यंदाचं विचाराल तर तिच्या पट्ट्याचं बक्कल सैल झालंय, ते दादा बघणार आहे. सुती साडी एक चालेल, गडद रंगाची, आलत्याचे डाग दिसत नाहीत. आणि भिरंडेल संपत आलंय, सावंतवाडीकडं कुणी जाणार असेल तर दोन वड्या जास्त आणा, मॅडमना पण पाहिजेत.