वाडीला रस्ता हवाय? आधी डोकी वाढवा!

रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीत तुमची वाडी आहे, पावसात साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून जातो, बारमाही रस्ता नाही, आणि तुम्ही अजून ग्रामसभेत अर्ज देताय? अहो किती ते भाबडेपण! रस्ता अर्जावर नाही, डोकी मोजून मिळतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली तेव्हापासून हिशोब ठरलेला आहे, मैदानी भागात वस्तीची लोकसंख्या ५००, डोंगरी राज्यांत २५०. तुम्ही म्हणाल आमची वाडी तर चढावर आहे, बाजार आणताना गुडघे बोलायला लागतात. बोलू देत. डोंगरी राज्यांच्या यादीत हिमाचल, उत्तराखंड वगैरे मंडळी आहेत, महाराष्ट्र नाही. आदिवासी आणि वाळवंटी भागाला सवलत आहे, त्यातही तुम्ही बसत नाही. थोडक्यात तुमचा डोंगर कागदावर सपाट आहे, उगाच धापा टाकू नका.

बरं, शेजारची वाडी अर्ध्या किलोमीटरच्या आत असेल तर दोन्हीकडची माणसं एकत्र धरता येतात. नसेल तर घरं थोडी सरकवून घ्या. वाडवडिलांनी पाणी बघून घरं बांधली, त्यांना जरा पुढची योजना बघून बांधायला काय झालं होतं कोण जाणे!

आता मुख्य काम, माणसं गोळा करणे. तुमची माणसं आहेतच, फक्त ती नालासोपारा, दिवा, विरारला आहेत. रस्ता नाही म्हणून गेली, आणि ती गेली म्हणून रस्ता नाही, यात नक्की चूक कोणाची असं विचारत बसू नका, वेळ जातो. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ८१ हजारांनी घटली, आणि हजार पुरुषांमागे बायका ११२२, म्हणजे घर कोण सांभाळतंय ते कळलंच. त्यात २०११ च्या जनगणनेची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला आणि होळी आली १९ मार्चला! चाकरमानी पालखी नाचवायला आले तेव्हा प्रगणक वह्या गुंडाळून कधीच गेले होते. योजनेचा चौथा टप्पा २०२४ ला मंजूर झाला, तोही याच २०११ च्या आकड्यांवर. पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि शिमगा परत मार्चात, तेव्हा एकदा ग्रामदेवतेला कौल लावून बघा, देवी तारीख अलीकडे घेते का.

तोपर्यंत एसटी आहेच की! म्हणजे वाडीत नाही, खाली फाट्यावर. सरकार किती दिलदार बघा, पंचाहत्तरीच्या वरच्या सगळ्यांना फुकट, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. वाडीत उरलंय कोण, तर आज्या आणि सुना, म्हणजे अख्खी वाडीच सवलतीत! आजीने फक्त काठी टेकत पऱ्या (ओढा) ओलांडून, सड्यावरून (कातळाच्या माळावरून) फाट्यापर्यंत उतरायचं, पुढचा सगळा प्रवास फुकट. आणि गाडी रिकामी धावली तर भारमान कमी म्हणून फेरी बंद होते, सबब आजीने रोज प्रवास करावा, काम असो नसो. फेरी बंद झालीच तर सहा आसनी डुक्कर रिक्षा आहे, ती मात्र भारमान बघते हो, पंधरावा माणूस लटकल्याशिवाय हलत नाही.

राहिला दवाखान्याचा प्रश्न, त्यालाही नियोजन लागतं. आजारी पडायचंच असेल तर गणपतीत पडा, मुंबईहून हजारो ज्यादा गाड्या सुटतात, डोलीला खांदा द्यायला चार तरणी पोरं वाडीत सापडतात. शिमग्यातही चालेल. बाळंतपणं मे महिन्यात धरा, पोरं सुट्टीला आलेली असतात आणि पाऊसही नसतो. हार्ट अटॅकवाल्यांनी आधी मुंबईला फोन करून कोणाला रजा मिळतेय का ते विचारून घ्यावं.